मेडिकलमधली ती वही कुणी वाचतं का?

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, जुन्नर. यातल्या कुठल्याही गावातल्या मेडिकलमध्ये काउंटरच्या मागे एक वेगळी वही ठेवावी लागते. ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या नियमांत 'शेड्यूल एच-वन' नावाची यादी घातली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. यादीत ४६ औषधं होती. काही झोपेची आणि सवय लावणारी, काही क्षयाची आणि निम्म्याच्या आसपास अँटिबायोटिक्स. यातलं काही विकलं की चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि ते किती दिलं, हे सगळं त्या वहीत उतरवायचं आणि वही तीन वर्षं सांभाळायची.

म्हणजे आपल्या तालुक्यात सेफिक्झिमची किती पाकिटं गेली याचा हिशेब कागदावर तरी दहा-बारा वर्षं लिहिला जायला हवा होता. काही दुकानांत तो नीट लिहिलेला असतोही. पण ही वही लिहून ठेवायची असते आणि तपासणीला कुणी आलं तर दाखवायची असते. महिनाअखेरीस तिची बेरीज करून अमुक ठिकाणी पाठवा, असं त्या नियमात नाही. गेल्या पावसाळ्यात जुन्नर तालुक्यात किती अँटिबायोटिक्स खपली, हा साधा प्रश्न घेऊन तुम्ही कुठल्याही सरकारी टेबलापुढे उभे राहा. उत्तर मिळणार नाही. गंमत म्हणजे औषध कंपनीच्या एमआरला आपल्या एरियाचा खप बऱ्यापैकी ठाऊक असतो, कारण त्याचं टार्गेट त्यावर ठरतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रात्री दोन वाजता सिस्टिम बंद पडली की पहिला प्रश्न असतो, लॉग कुठेत? कुठल्या क्षणी काय झालं याची नोंद नसेल तर सगळे अंदाज बांधत बसतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा अंदाज खरा ठरतो. अँटिबायोटिक्सच्या बाबतीत आपलं नेमकं तेच चाललंय. 'लोक गोळ्या अर्धवट सोडतात', 'मेडिकलवाले चिठ्ठीशिवाय देतात', 'डॉक्टर उगाच लिहितात', प्रत्येकाचा एक आवडता आरोपी आहे. आकडा कुणाकडेच नाही.

आकडा का हवा, ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका उदाहरणावरून सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात ताप आला की तिसऱ्या दिवशी 'विडाल' करून घेतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, 'टायफॉईड निघाला' म्हणून घरात सगळ्यांना कळवलं जातं आणि अँटिबायोटिक सुरू होतं, बऱ्याचदा सलाईनमधून. विडाल ही १८९६ सालची टेस्ट आहे. ती रक्तातले जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडीज शोधते. आधी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा दुसराच ताप असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्री करायची तर रक्ताचं कल्चर करावं लागतं. त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि विडालच्या कितीतरी पट पैसे.

२०१७ ते २०२० या काळात देशात चार ठिकाणी मुलांमधल्या टायफॉईडची नीट मोजणी झाली. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर ही तीन शहरी ठिकाणं. चौथं ठिकाण ग्रामीण होतं, आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकचा परिसर, जिथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र गेली वीसेक वर्षं घरोघरच्या आरोग्याच्या नोंदी ठेवतंय. चारही ठिकाणी मिळून सुमारे २४ हजार मुलांवर लक्ष ठेवलं गेलं. तीन दिवस सलग ताप राहिला की रक्ताचं कल्चर. २०२३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल छापून आला. वर्षाला दर एक लाख मुलांमागे टायफॉईडचं प्रमाण वेल्लोरमध्ये ११७३ निघालं. दिल्ली आणि कोलकात्यातही ते शेकड्यांत होतं. ग्रामीण पुण्यात ते होतं ३५.

पुन्हा वाचा. लाखामागे पस्तीस. एका भागातल्या मुलांचा हा आकडा आहे, तो जुन्नर-आंबेगावला जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. आपल्याकडे टायफॉईड नाहीच असंही त्यातून निघत नाही. पण पावसाळ्यात आपल्या नात्यागोत्यात, मोहल्ल्यात 'टायफॉईड निघालेले' किती जण असतात ते आठवा आणि मग हा आकडा शेजारी ठेवा. यातले बरेच ताप व्हायरल असणार, काही डेंग्यूचे, काही आणखी कशाचे. व्हायरल तापावर अँटिबायोटिक काहीच करत नाही. ताप पाचव्या दिवशी आपोआप उतरतो आणि श्रेय गोळीला जातं.

नुसतं श्रेय चुकीच्या ठिकाणी गेलं असतं तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो. माझ्या खालाला दोन वर्षांपूर्वी लघवीचं इन्फेक्शन झालं. गोळ्या झाल्या, बदलून झाल्या, पुन्हा बदलल्या. थंडी वाजून ताप येणं थांबेना तेव्हा पुण्याला नेऊन कल्चर केलं. त्या रिपोर्टवर औषधांची उभी यादी असते आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे जंतू या औषधाला दाद देईल, 'आर' म्हणजे देणार नाही. खालाच्या कागदावर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. तळाला दोन-तीन एस, तीही शिरेतून द्यायची औषधं. दहा दिवस ॲडमिट. खाला ही औषधाच्या बाबतीत आमच्या घरातली सगळ्यात शिस्तीची बाई. तिने कधी कोर्स अर्धवट सोडला नाही की मनाने गोळी घेतली नाही. तरीही तिच्या वाट्याला हा जंतू आला, कारण दाद न देणारे जंतू पाण्यातून, हातांतून, दवाखान्याच्या खाटेवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. गोळी कुणी खाल्ली होती याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. म्हणून 'मी नीट वागतो' एवढ्याने कुणी सुटत नाही.

२०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२२ मध्ये छापला. आपल्या देशात आयसीएमआरची एक व्यवस्था रुग्णालयांतल्या कल्चर रिपोर्टांची जुळणी करते. ई. कोलाय हा लघवीच्या इन्फेक्शनमध्ये नेहमी सापडणारा जंतू. इमिपेनेमसारख्या वरच्या दर्जाच्या इंजेक्शनला दाद देणाऱ्या ई. कोलायचं प्रमाण २०१७ मध्ये ८१ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२३ मध्ये ६३ टक्क्यांच्या आसपास आलं. हे आकडे प्रामुख्याने मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचे, जिथे बिघडलेल्या केसेस जास्त पोचतात. मंचरच्या किंवा जुन्नरच्या साध्या पेशंटमध्ये हे प्रमाण किती, ते त्यातून कळत नाही. मग इथला डॉक्टर तरी काय करणार? शहरातल्या आकड्यांनी घाबरून तो आणखी वरचं औषध लिहितो.

वरचं म्हणजे काय, ते थोडं समजून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सचे तीन गट केले. 'ॲक्सेस' म्हणजे नेहमीच्या आजारांवर आधी वापरायची, सगळीकडे मिळायला हवीत अशी. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन ही त्यात येतात. 'वॉच' म्हणजे जपून वापरायची, कारण त्यांना जंतू लवकर सरावतात. अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटातली. आणि 'रिझर्व्ह' म्हणजे अगदी शेवटी काढायची, कोलिस्टिनसारखी. देशाच्या एकूण वापरात ॲक्सेस गटाचा वाटा निदान ६० टक्के असावा, असं पुढे सांगितलं गेलं. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत जगासाठी २०३० पर्यंत ७० टक्क्यांचं लक्ष्य ठरलं.

भारताचं २०१९ मधलं चित्र २०२२ साली एका अभ्यासातून पुढे आलं. तो खाजगी क्षेत्रातल्या विक्रीच्या आकड्यांवर बेतलेला होता. वॉच गटाचा वाटा सुमारे ५५ टक्के, ॲक्सेसचा २७. सगळ्यात जास्त खपणारा एकच प्रकार काढायचा तर अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. त्याखालोखाल सेफिक्झिम २००. ही दोन्ही नावं वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरातल्या औषधांच्या डब्यात सापडतील. यातलं अझिथ्रोमायसिन २०१३ च्या त्या ४६ च्या यादीत नव्हतंच, म्हणजे देशातली सगळ्यात खपाची गोळी त्या वहीत लिहावीच लागत नव्हती!

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, तिची चर्चा कमी होते. एकूण वापर माणशी काढला तर भारताचा आकडा बऱ्याच देशांपेक्षा कमीच भरतो. हे मोजण्यासाठी 'डीडीडी' नावाचं माप वापरतात. मोठ्या माणसाला एका दिवसाला लागणारा ठरावीक डोस म्हणजे एक डीडीडी. अमॉक्सिसिलिनसाठी तो दीड ग्रॅम, म्हणजे ५०० च्या तीन गोळ्या. भारतात हजार माणसांमागे रोज १०.४ डीडीडी खपत होते. २०११ च्या जनगणनेवरून जुन्नर आणि आंबेगाव मिळून सव्वासहा लाख लोक धरले आणि देशाची सरासरी लावली, तर आपल्या दोन तालुक्यांत रोज साडेसहा हजार डोस होतात. हा माझा कॅल्क्युलेटरवरचा हिशेब आहे, खरा आकडा याच्या दुप्पट असेल किंवा निम्मा. तीच तर अडचण आहे. आणि खरं दुखणं नुसतं 'किती' हे नाही. 'कुठलं' आणि 'कुणाला' हे आहे.

कुणाला, यावर थोडं थांबतो. कारण अँटिबायोटिकचा विषय निघाला की सुशिक्षित माणसं गरिबाला झापायला लागतात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणाऱ्या माणसाला एक खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. त्याला तीन दिवस 'वाट पाहू' म्हणणारा डॉक्टर परवडत नाही. दोनशे रुपयांत इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या देणारा परवडतो. तो चुकीचा हिशेब करत नाही, त्याच्यापुढे जे पर्याय आहेत त्यांतला बरा पर्याय निवडतो. आणि याच दोन तालुक्यांच्या पश्चिमेला चला. डिंभ्याच्या वर आहुपे खोरं, पाटण खोरं. तिथे पावसाळ्यात न्यूमोनिया झालेल्या लेकराला साधं अमॉक्सिसिलिन वेळेवर मिळणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. एकाच तालुक्यात एका टोकाला सर्दीला सेफिक्झिम आणि दुसऱ्या टोकाला न्यूमोनियाला उशीर. सरसकट 'अँटिबायोटिक कमी करा' ही मोहीम काढली तर पहिला फटका त्या खोऱ्याला बसेल. गावागणिक मोजलं तरच कुठे कमी करायचं आणि कुठे पोचवायचं ते कळेल.

माणसांबरोबर गुरांचंही मोजावं लागेल. आपला भाग दुधाचा. गाईची कास सुजली, दगडी झाली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. त्यानंतर ठरावीक दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं. दहा-वीस लिटर दूध रोज ओतून देणं कुठल्या शेतकऱ्याला परवडतं? कोंबड्यांच्या शेडमध्ये कोलिस्टिन वापरायला केंद्राने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. ते माणसांसाठी शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं औषध, आणि ते खाद्यातून दिलं जात होतं. पिकांचीही तीच गत. टोमॅटोवर, डाळिंबाच्या तेल्यावर मारायची स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी आपल्या शेतकऱ्यांना चांगली ओळखीची आहे. तिच्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयावर लागू पडलेलं पहिलं अँटिबायोटिक. शेतीत त्याचा वापर थांबवण्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. ही पुडी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची. १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, देशातला पहिला सरकारी अँटिबायोटिक कारखाना म्हणून तो आपल्याच जिल्ह्यात उभा राहिला, पेनिसिलिन गरिबाला परवडावं म्हणून. त्या काळी औषध कमी पडत होतं.

मोजणं गरीब देशांना झेपत नाही, असं कुणी म्हणेल. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाच ठिकाणी हा प्रयोग करून पाहिला होता. दिल्ली, मुंबई, वेल्लोर आणि दक्षिण आफ्रिकेतलं ब्रिट्स आणि डर्बन. मेडिकलमधून बाहेर पडणाऱ्या माणसाला विचारायचं, काय घेतलंत, किती घेतलंत. चिठ्ठ्या आणि विक्रीच्या नोंदी पाहायच्या. हे काम जमतं हे दिसलं. पैसे आणि माणसं नसतील तर टिकत नाही, हेही दिसलं. क्षयाच्या बाबतीत तर आपण याहून कितीतरी पुढे आहोत. २०१२ पासून 'निक्षय'वर एकेका पेशंटची नोंद होते आणि २०१८ पासून क्षयाची औषधं विकणाऱ्या मेडिकललाही कळवणं बंधनकारक आहे. सरकारला मोजायचं असलं की मोजता येतं. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा आराखडा केला आणि २०२४ च्या जानेवारीत चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर 'ऑपरेशन अमृत' नावाने छापे सुरू केले. छाप्यांवर माझा फारसा भरवसा नाही. छापा पडला की दुकानदार आठ दिवस शिस्तीत वागतो. पण त्या राज्यात हा विषय मंत्र्यांच्या टेबलावर पोचला, ही गोष्ट लहान नाही.

आता आपल्यापुरतं. जुन्नरमध्ये, मंचरमध्ये, घोडेगावात आपल्या समाजातली बरीच मुलं-मुली डी.फार्म, बी.फार्म करतायत. कुणी मेडिकलमध्ये कामाला आहे, कुणाचं स्वतःचं दुकान आहे. तुमच्या हातात ती वही आहे आणि बहुतेक ठिकाणी बिलिंगचं सॉफ्टवेअरही आहे. महिन्याला किती अझिथ्रोमायसिन, किती सेफिक्झिम, किती अमॉक्सिसिलिन गेलं, एवढे तीन आकडे काढायला दहा मिनिटं पुरतात. दोन्ही तालुक्यांतल्या वीस दुकानांनी हे वर्षभर केलं तर जो तक्ता तयार होईल तसा तक्ता आज कुणाकडेच नाही. एक्सेल पुरे, ॲप करायची गरज नाही. (ॲप करून देतो म्हणणारे माझ्यासारखे दहा जण भेटतील, त्यांना आधी वर्षभराचा डेटा मागा.)

एक अट मात्र मला महत्त्वाची वाटते. नावं नकोत. एच-वनच्या वहीत पेशंटची नावं असतात, ती दुकानाबाहेर जाता कामा नयेत. बाहेर जाईल ती फक्त बेरीज. कुठल्या बाईने कसली गोळी घेतली हे गल्लीत कळणं, कुठल्या मोहल्ल्यात काय आजार आहे याची कुणीतरी यादी करणं, याची भीती आपल्या लोकांना वाटते आणि ती उगाच वाटत नाही. करोनाच्या वेळी आजाराला धर्माचं नाव कसं चिकटवलं गेलं ते आपण पाहिलंय. म्हणून दुकानाचंही नाव न घालता, फक्त तालुका आणि महिना टाकून आकडे जोडावेत. त्यात एकट्या आपल्या समाजाची दुकानं असूनही चालणार नाही. केमिस्ट असोसिएशनला सोबत घ्यावं लागेल, आश्रमशाळांच्या गावांतले आरोग्यसेवक घ्यावे लागतील, पशुवैद्यकीय दवाखानेही.

आणि तो तक्ता घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊन दोन गोष्टी मागायच्या. एक, एच-वनच्या वह्यांची मासिक बेरीज अन्न व औषध प्रशासनाने तालुक्यानुसार जाहीर करावी. दुसरी, आपल्या सरकारी रुग्णालयांत आलेल्या लघवीच्या आणि जखमेच्या इन्फेक्शनचे वर्षाला काही शे नमुने कल्चरला जावेत आणि कुठलं साधं औषध इथे अजून लागू पडतंय, हे एका पानावर छापून प्रत्येक दवाखान्याला मिळावं. ते पान समोर असेल तर डॉक्टरला अमॉक्सिसिलिन किंवा नायट्रोफुरँटॉइनसारखं स्वस्त औषध लिहायचा धीर येईल. दोन्ही तालुक्यांच्या आमसभेत, ग्रामसभेत हा प्रश्न लेखी विचारता येतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. पहिला अर्ज मी घालतोय: एच-वनच्या किती वह्या गेल्या वर्षी या दोन तालुक्यांत तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या किती पूर्ण भरलेल्या होत्या. आपापल्या तालुक्यातून दुसरा, तिसरा कोण घालतंय ते कळवा, म्हणजे मजकूर एकसारखा ठेवता येईल.